छत्री धरणारा हात

बडनेऱ्याच्या मुनव्वर टेलरांनी हयातभर वरातीच्या बँडवाल्यांचे कोट शिवले. ते गेल्यावर मुलीने, इफ्फतने, दुकान चालू ठेवलं. पण ती ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसच शिवायची. अब्बांचा शेवटचा कोट खुंटीवर तसाच होता. लाल, सोनेरी फितीचा, ट्रंपेटवाल्या नत्थुजींचा. फक्त बटणं लावायची राहिली होती. नत्थुजी मागायला आले की ती चहा पाजून विषय बदलायची.

दामिनी आली ती मोबाइल पुढे करतच. अमरावतीच्या एका मोटरसायकल शोरूममध्ये ती कामाला होती, आणि अकोल्याच्या बाइक शर्यतीत तिला शोरूमतर्फे रेस क्वीन व्हायचं होतं. जपानमध्ये म्हणे शर्यतीआधी या मुली खेळाडूवर छत्री धरून उभ्या राहतात. दर हंगामाला नवा पोशाख, गुडघ्यापर्यंत बूट, आणि फोटोसाठी लोक भलेमोठे कॅमेरे घेऊन रांगा लावतात. मालकाला तिने पटवलं होतं. आईला पटवायचं बाकी होतं.

इफ्फतने फोटो मन लावून पाहिले. चंदेरी कापड, उभी कॉलर, खांद्यावर पट्ट्या.

"हा तं बँडवाल्याचाच कोट आहे," ती म्हणाली. "फक्त कंबर बारीक."

इफ्फतने तसंच शिवलेलं जॅकेट झकास बसलं. दामिनीने आरशासमोर छत्री उघडून वर नेली, तसं सगळं जॅकेट छत्रीमागे वर चढलं आणि हात खांद्याशीच अडकला.

"आपा, इतक्या खाली धरली तं अंकुरच्या हेल्मेटवरच बसन ते."

अंकुर म्हणजे शोरूमचा खेळाडू. इफ्फतने बगल सैल केली, तर जॅकेटचं पोतं झालं. शर्यत परवावर आली होती.

अब्बांचे ट्रंपेटवाले अख्खी वरात हात वर ठेवून वाजवायचे, कोट कमरेवरून हलायचा नाही. बगलेत ते चौबगला घालायचे, कापडाचा एक चौकोनी तुकडा. तो कसा कापायचा, हे तिला ठाऊक नव्हतं. खुंटीवरच्या कोटात तो होता. पण त्यासाठी अब्बांचे टाके उसवावे लागणार होते.

दामिनीच्या ते ध्यानात आलं. राहू दे, म्हणाली, हात खालीच ठेवीन.

इफ्फतने कोट उतरवला. अस्तर सोडलं, मग एकेक टाका. तुकडा सुटून हातात आला तेव्हा उलट्या बाजूला अब्बांच्या खडूची रेघ तशीच होती. तिने तो चंदेरी कापडावर ठेवला आणि कात्री घेतली.

अकोल्यात ऊन मी म्हणत होतं. दामिनीचा हात सरळ वर, जॅकेट जागच्या जागी. फोटोवाल्यांना बघून अंकुर लाजून छत्रीबाहेर सरकत होता, आणि दामिनी हसतमुखाने त्याच्यामागे. लेक काय करते ते बघायला आलेली आई गर्दीतून ओरडली, "नीट धर वं, त्याले ऊन लागून राह्यलं."

शोरूमने बँड बोलावला होता, त्यात नत्थुजी होते. दामिनीच्या बगलेकडे बघत ते गर्दीत उभ्या असलेल्या इफ्फतजवळ आले.

"हे तं मुनव्वरभाईचं काम आहे."

"तुमचा कोट उसवला मी, नत्थुजी."

नत्थुजींनी ट्रंपेट काखेत धरली. "मंग आता शिव. लगीनसराई तोंडावर आली, बेटा."

"उद्या या," इफ्फत म्हणाली. "येताना ट्रंपेट आणा. हात वर करून पाहू."