उंटाशेजारच्या बाटलीतला जंत

मी एक जुना जंत आहे. नाकं मुरडू नका मित्रांनो, बाटलीचं बूच घट्ट आहे. जामसंड्याच्या शाळेत माझ्याशेजारी उंटाचा तक्ता टांगलाय आणि भाई मास्तर दरवर्षी आमची तुलना करतात. उंट काटेरी झुडपं खाऊन स्वतःच्या मदारीत चरबी साठवतो, लोकांची ओझी वाहतो. जंत दुसऱ्याच्या पोटात बसून आयतं खातो. मुलं लगेच उंटाच्या बाजूची होतात. माझा मात्र त्या उंटावर विश्वास नाही. इतकं चांगलं कुणी असतं का?

पण सत्तावन्न साली मी केलं ते खरं आहे. सत्यवती नावाच्या पोरीने परसातला मुळा न धुता खाल्ला, मातीबरोबर मी अंड्यातून तिच्या पोटात गेलो आणि चांगला वीतभर झालो. तिला पेज वाढायची ती सुगंधाकाकी. काकीला मूल नव्हतं, पुतणीवर भारी जीव. पोर दोन-दोन वाडगे रिचवी, तरी काटकुळीच. तिची आई यशोदा जावेच्या हाताकडे टक लावून बघू लागली.

शेवटी तिने मास्तरांना विचारलं, "खाल्लेला जाता खंय?"

मास्तर म्हणाले, "उंटाचं खाल्लेलं उंटाच्याच अंगी लागतं. हिचं लागत नाही, म्हणजे खाणारा दुसराच कोणी आहे. दवाखान्यात न्या."

दवाखाना राहिला बाजूला, यशोदेने 'दुसरा कोणी' तेवढं धरलं. "माका ठावक आसा. तिनाच पेजेत कायतरी घातल्यान," असं ती घरभर म्हणत सुटली. सोमवारी देवळात नारळ ठेवून तिने गाऱ्हाणं घातलं, की माझ्या चेडवाचा, माझ्या पोरीचा घास खाणाऱ्याचं वाटोळं कर. सुगंधाकाकी तिथेच उभी होती. ती त्याच दिवशी रेडीला माहेरी गेली. मी पोटात सगळं ऐकलं. मला काय, पेज मिळत होती.

काकी गेल्यावरही पोर वाळतच राहिली, तेव्हा कुठे दवाखाना आठवला. कडू पुडी, वर एरंडेल, आणि मी बाहेर. घास खाणारा कोण ते यशोदेने डोळ्यांनी बघितलं, आणि मास्तरांनी मला बाटलीत भरून शाळेत नेलं.

पुढचं सत्यवतीनेच बाटलीपुढे उभं राहून सांगितलं. यशोदेने देवाकडचं गाऱ्हाणं मागे घेतलं आणि थोरली असून धाकट्या जावेचे पाय धरले. काकी परत आली. सत्यवती वाडगा घेऊन तिच्यापुढे बसली, तर काकीने पदराआड हात नेले.

"माझ्या हातची नको गो बाय. आवशीक सांग, ती वाढतली."

मित्रांनो, मुळा धुऊन खा, हात धुवा. माझ्यावर पुडी आहे. काकीने मात्र तेव्हापासून नऊ वर्षांत सत्यवतीला पेज वाढलेली नाही.