दोन बोटं आखूड

मिस्त्रीला त्याची चूक दाखवायची म्हणजे सापाच्या शेपटीवर पाय देण्यातला प्रकार. तीस वर्षं फुंकायची वाद्यं दुरुस्त करत आलेला माणूस. कुणाचंही वाद्य बिघडो, ते त्याच्याच दाराशी यायचं. हात सोन्याचा, हे खरंच आहे. पण गर्व असा, की विचारू नका!

त्याच्या मुलीला शहराच्या बँडात जायचं होतं. क्लॅरिनेटची एकच जागा भरायची होती, आणि वर्षभर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. "दुकानातून नवं आणू या," ती म्हणाली, तर मिस्त्री उखडला. "माझ्या पोरीनं दुकानातलं वाजवायचं? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!" आणि जुन्या बाजारातून एक क्लॅरिनेट घेऊन आला.

त्याच्यावरचा बनवणाऱ्याचा ठसा घासून गेलेला, सांध्यांचा कॉर्क भुसभुशीत, चाव्यांखालच्या गाद्यांना कसर लागलेली, वरच्या तुकड्याला केसाएवढी चीर. मिस्त्रीनं ते हुंगलं, नखानं टकटक केलं, चाव्या उलट्या करून पाहिल्या. "हातानं घडवलेल्या चाव्या. लाकूड अस्सल. असलं आता शोधून मिळणार नाही," म्हणाला. तेवढं सगळं त्यानं बरोबर ओळखलं हो! मोजपट्टी मात्र लावली नाही. शिकाऊ लोक मोजतात, असं त्याचं म्हणणं.

सहा आठवडे तो त्या वाद्यावर बसला. चीर बुजवली, लाकडाला तेल पाजलं, नव्या गाद्या बसवल्या. पातळ कागदाची पट्टी गादीखाली धरून ओढायची, अडली तरच गादी पास. मुलीनं पहिल्यांदा फुंकलं तेव्हा आई हातातलं काम टाकून बाहेर आली, इतका गोड आवाज.

चार दिवसांनी मुलगी म्हणाली, "बाबा, हे चढं लागतंय. फोनवर सूर तपासला, सगळेच वर जातात."

"आता फोन मला शिकवणार? ओठ इतके आवळलेस तर सूर चढेल नाही तर काय होईल?"

तिनं ओठ सैल सोडले. तरी चढं. तोंडाजवळची जोडाची नळी थोडी बाहेर ओढून पाहिली, तर काही सूर उतरले, काही तसेच राहिले. "नाचता येईना, अंगण वाकडं!" मिस्त्री जेवताना ऐकवायचा. "कान कुणाचा घेतलायस कोण जाणे." आई एकदाच म्हणाली, "अहो, एकदा बघा ना तपासून." तिलाही फटकारलं. चार महिने हेच. ओठाला आतून जखम होईपर्यंत पोरगी वाजवायची. शेवटी तिनं फोन लावून बघणंही सोडलं. चूक आपलीच, असं तिनं मनाशी धरलं.

चाचणीच्या दिवशी ती एकटी वाजवत होती तोवर सगळे खूश. मग बँडमास्तरनं तिला चौघांबरोबर बसवलं आणि तिसऱ्याच ओळीला थांबवलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. ती उठली, क्लॅरिनेट खुर्चीवर तसंच टाकून घरी निघून आली.

दोन दिवसांनी मिस्त्री ते आणायला गेला. खरं तर भांडायलाच गेला होता. बँडमास्तरनं ते टेबलावर ठेवलं आणि शेजारी आपलं क्लॅरिनेट ठेवलं. मिस्त्रीचं दोन बोटं आखूड होतं.

"पूर्वी काही बँड चढ्या सुरात वाजवायचे, तेव्हाचं आहे हे," बँडमास्तर म्हणाला. "एकटं छान वाजतं, चारचौघांत नाही. आज सकाळी खुर्चीवरून उचलायला गेलो तेव्हा लक्षात आलं. कान तयार आहे हो पोरीचा! असल्या वाद्यावरही सूर ओढून खाली आणत होती. आधी कळतं तर दुसरं हातात दिलं असतं. जागा काल भरली. तुमच्या कसं लक्षात आलं नाही, मिस्त्री?"

मिस्त्रीनं क्लॅरिनेट उचललं आणि निघाला. घरी येईपर्यंत त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की ओळखीचं माणूस दिसलं की तो रस्ता ओलांडत होता.

मुलगी टेबलाशी बसून एका गोदामातल्या नोकरीचा अर्ज भरत होती.

"पोरी, चूक माझी आहे," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला. "वाद्यच आखूड आहे. तुझा कान खरा होता."

तिनं मान वर केली. "आईनं सांगितलं का असं बोलायला?"

"अगं, नाही! हे बघ, मोजून दाखवतो." त्यानं पट्टी आणली, क्लॅरिनेटला लावली, आकडा मोठ्यानं वाचला. ती बघेना, म्हणून पुन्हा वाचला.

"राहू द्या ना, बाबा. तुमचा हात कधी चुकलाय? मला सूर कळत नाही, ते मी मान्य केलंय. आता रडूही येत नाही."

"अगं, बँडमास्तरला विचार हवं तर! आईची शपथ, खरं सांगतोय!"

"समजूत काढायची सवय नाही तुम्हाला," ती मायेनं म्हणाली. "लगेच कळतं." आणि अर्जावरच्या छंदाच्या रकान्यात तिनं आडवी रेघ मारली.