साधा टँटलम

मैत्रीच्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेषा सरळ होती, आणि ती बघून शेजारच्या टेबलावर हिमानीचा जळफळाट होत होता.

१९९६ची थंडी. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या लॅबमध्ये दोघींना एकच काम होतं : हृदयाचे ठोके टिपणाऱ्या यंत्रासाठी व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या ॲडजस्टेबल रेग्युलेटरचं सर्किट करायचं, रेषा थरथरवणारा नॉइज कमीत कमी हवा. जिचा बोर्ड यंत्रात बसेल तिला असिस्टंटशिप. दुसरीनं दुसरा प्रोफेसर शोधायचा.

"लपवायचं काय त्यात?" हिमानीची नजर पकडून मैत्री म्हणाली. "ॲडजस्ट पिनपासून ग्राउंडला एक कपॅसिटर लाव, नॉइज तिथंच मरतो. आउटपुटला दुसरा कपॅसिटर, साधा टँटलम. भारीतला सिरॅमिक नको लावू, यार."

इतक्या सहज सगळं सांगणारी मुलगी काहीतरी राखून ठेवणारच, हिमानीनं ठरवलं. स्वतःसाठी चांगलं, मला साधं! तिनं कॅटलॉगमधला सगळ्यात महाग सिरॅमिक मागवला.

तो लावला आणि रेषेचा जाड पट्टा झाला. रेग्युलेटर आपोआप ऑसिलेट होत होता, व्होल्टेज सतत वरखाली. तिनं रेझिस्टर बदलले, वायरी आखूड केल्या. पट्टा बारीक होईना. प्रोफेसर उद्या येणार होते, पण मैत्रीला विचारायचं? मुळीच नाही.

बस गाठायला कोट चढवून निघालेली मैत्रीच स्क्रीनपाशी थबकली.

"सिरॅमिक लावलास ना?"

"हो. मग?"

"अगं, त्याला स्वतःचा रेझिस्टन्स जवळजवळ नसतोच. या रेग्युलेटरला तो थोडा लागतो, नाहीतर असा झुलत बसतो. सांगितलं होतं की!" तिनं आपल्या ड्रॉवरमधून एक टँटलम काढून दिला. "प्लस बघून लाव हं. उलटा लावलास तर फुटेल."

ती गेल्यावर हिमानीनं डेटाशीट उघडून पडताळून पाहिलं. शब्द न् शब्द खरा होता. टँटलम लावताच रेषा सरळ झाली.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी दोन्ही बोर्ड मोजले. डावं-उजवं करता येईना. त्यांनी हिमानीला विचारलं, "आउटपुटला सिरॅमिक का नाही लावलास?"

हिमानीनं मैत्रीचं उत्तर जसंच्या तसं दिलं. लावून पाहिल्यावर काय झालं तेही सांगितलं. फक्त मैत्रीचं नाव घेतलं नाही. मैत्री तिथंच उभी होती. ऐकत होती.

"बिघडवून पाहिलंस, हे उत्तम," म्हणत प्रोफेसरांनी हिमानीचा बोर्ड उचलला.

ते गेल्यावर मैत्रीनं हात पुढे केला. "अभिनंदन, बाई."

हिमानीनं त्या आवाजात खोट शोधली. कुठंच सापडेना, आणि तेच तिला सहन झालं नाही.