पुसा

“मी नुसतं पुसलं रं,” कोंडाबाई म्हणाल्या. “आवाज बारीक येतोय म्हणून पुसलं. त्यानं इचारलं, नक्की पुसायचं का? मी व्हय म्हटलं.”

निपाणीला या आत्तीच्या घरी कृष्णात संगणकापुढे बसला होता आणि मामांचा आवाज कुठेच सापडत नव्हता.

अनगोळातलं दुकान सांभाळून या गड्याने एक नस्तं लचांड मागे लावून घेतलं होतं. ‘पाया’ नावाची संगणक प्रणाली पुण्याची मंडळी फुकट वाटत. कुणीही ती उघडावी, बदलावी. कृष्णातने तिच्यातून आपली वेगळी ‘शेजार’ काढली, सीमेवरच्या माणसांच्या बोलीत. मदत मागायच्या बटनावर त्याने लिहिलं, ‘पुसा’. पुसणं म्हणजे विचारणं, हे निपाणीत शेंबड्या पोरालाही कळतं. पुण्यात पुसतात ती फक्त फरशी.

पायाच्या नव्या आवृत्तीत त्या मंडळींनी मराठी शब्द एकसारखे केले. मदतीला ‘साहाय्य’ आणि काढून टाकायला ‘पुसा’. कृष्णातने ती न तपासता शेजारमध्ये घेतली आणि तिथलं ‘पुसा’ही खोडून टाकायचं बटन झालं. घरच्या माणसावर टाकावा तसा विश्वास टाकला बिचाऱ्याने.

तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेले आत्तीचे यजमान मष्णूमामा गेल्या वर्षी वारले. संगणक बसवताना कृष्णातने त्यांना माइकपुढे बोलायला लावलं होतं. ते लाजून म्हणाले होते, “काय बोलू रं? कोंडे, च्या ठेव की.” एवढाच आवाज मागे राहिला होता. तो ऐकल्याशिवाय कोंडाबाई सकाळचा चहा ठेवत नसत.

दुपारपर्यंत खटपट करून कृष्णातने हात टेकले. मग पायाची मराठी बघणाऱ्या सौरवला फोन लावला.

“पुसा म्हंजे इकडं निराळं हाय, हे मी तुम्हाला कळवलंतं की!”

“वाचलं होतं. पण गावागावाचा शब्द धरून कसं चालेल?” सौरवचा आवाज थकलेला होता. “तुम्ही वेगळी चूल मांडलीत, आणि तुमच्या लोकांच्या तक्रारी येतात आमच्याकडे. मीही हे नोकरी सांभाळूनच करतो हो. बाईंचं ऐकून फार वाईट वाटलं. पण शेजारवरचं आमचं नाव तेवढं काढा. सगळ्यांनी मिळून ठरवलंय.”

पायाचं नाव गेलं की शेजारला कोण विचारणार होतं? कृष्णातला भांडायचं होतं, पण भांडणार कोणत्या तोंडाने? न तपासता घेतलं होतं ते त्यानेच. त्याने फोन ठेवला.

“परत येतंय का रं?” कोंडाबाईंनी विचारलं.

“न्हाय आत्ती.” त्याला त्यांच्याकडे बघवेना. “मामा म्हणायचं तसंच तू म्हण. मी आवाज भरून घेतो.”

कोंडाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या माइकजवळ सरकल्या.

“काय बोलू रं?” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. जरा वेळाने पुन्हा तेवढंच म्हणाल्या, पुन्हा थांबल्या.

“माझी मीच कशी हाक मारू?” त्या हळूच म्हणाल्या. “आत्ती म्हणत्यात, आज्जी म्हणत्यात, मावशी म्हणत्यात. कोंडे म्हणणारं आता कोण न्हाय बघ. तू म्हण की.”

कृष्णात माइककडे वाकला. जिने कडेवर घेऊन वाढवलं, तिला नावाने हाक मारायची होती.

“आत्ती,” तो म्हणाला.