उभं राहायचे पैसे

“तीनशे पाउंड, बाबा! वर्षाला तीनशे पाउंड पाण्यात जातायत तुमचे,” जनीनने जेवणाच्या ताटांमधून लॅपटॉप बापापुढे सरकवला. “नुसती कंपनी बदलायची. दुसरं काही नाही.”

“तो डबा आधी माझ्या ग्रेव्हीतून काढ,” क्लाइव्ह म्हणाला.

त्याची बायको नोरीन हसली. रविवारचे जेवण होते. भाजलेले बीफ, बटाटे, वाटाणे. जनीन प्रेस्टनहून महिन्यातून एकदा यायची, तेव्हाच एवढा घाट घातला जाई. क्लाइव्हचे ताट मात्र जवळजवळ भरलेलेच होते. सत्तरीला आलेला माणूस किती खाणार, असे तो हल्ली म्हणे, आणि नोरीनला ते पटत असे.

क्लाइव्ह थ्रेलफॉलने सगळे आयुष्य फ्लीटवुडच्या सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर फिटर म्हणून काढले होते. गावाची घाण समुद्राकडे ढकलणारे ते पंप बिघडले की याला बोलावणे यायचे, मग लग्न असो की ख्रिसमस. पगारातून थोडे थोडे टाकून त्याने स्वतःच्या नावाने पेन्शन साठवली होती. ती रक्कम आता एका कंपनीकडे गुंतवलेली होती आणि तिच्यातून दर महिन्याला घरखर्चाचे पैसे येत. हे सगळे सांभाळण्याबद्दल कंपनी वर्षाकाठी शेकड्यावर आपला हिस्सा कापून घेई. अशा कंपनीला प्लॅटफॉर्म म्हणतात, हे कळले तेव्हा क्लाइव्ह म्हणाला होता, “बरोबर आहे. गाडी येवो न येवो, नुसतं उभं राहायचे पैसे.”

जनीनने शोधलेली कंपनी टक्का घेत नव्हती. वर्षाला एकच ठरीव रक्कम घ्यायची, मग खात्यात कितीही असो.

“थोडेसेच पैसे असते तर टक्काच परवडला असता,” ती समजावत होती. “पण तुमच्याकडे एक लाखाच्या वर आहेत. तुम्ही किती कमी काढता महिन्याला! ते वीस वर्षं पुरतील. वीस वर्षांत हे तीनशे-तीनशे किती होतात, बघा तरी.”

“नको.”

“का पण?”

“हलवाहलवीला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्यात महिन्याचे पैसे बंद.”

“दोन महिने मी देते तुम्हाला!”

“वारस म्हणून नाव परत घालावं लागतं.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“आणि तुझ्या त्या कंपनीत फोन उचलायला माणूस नाही. सगळं पडद्यावर. नोरीनला नाही जमणार ते. तिला फोन करून माणसाशी बोलता आलं पाहिजे.”

“आईला मी शिकवीन की. घाई काय आहे?”

क्लाइव्हने काटा ताटावर आपटला. ग्रेव्ही मेजावर उडाली. “एकदा नाही म्हटलं ना! माझे पैसे आहेत, मला हवे तिथे ठेवीन!”

जनीनने लॅपटॉप मिटला. मग क्लाइव्हने आपल्या हाताने मेज पुसले आणि लेकीला विचारले, “बटाटे घेतेस ना अजून? तुझ्यासाठीच केलेत तिने.”

सोमवारी सकाळी नोरीन इस्त्री करत होती. कालचे तिच्या मनातून जाईना. क्लाइव्ह तसा तापट नव्हता. पण त्याचे चिडणे तिला खुपत नव्हते. खुपत होते ते तीनशे पाउंड.

कारण क्लाइव्ह चिकट होता. साधासुधा नव्हे, गावात प्रसिद्ध. क्लबात त्याने कुणाला बिअर पाजली तर लोक तारीख लिहून ठेवत. दुकानात संध्याकाळी पावावर उतरलेल्या किमतीचे पिवळे लेबल लागेपर्यंत तो शेल्फपाशी घुटमळत राही. लग्नानंतर दोघे विंडरमियरच्या तळ्यावर गेले, तेव्हा हा चहाच्या दुकानात घरचे सँडविच काढून बसला आणि मालकिणीने दोघांना बाहेर घालवले. नोरीन तळ्याकाठी बसून रडली होती. हा शेजारी बसून सँडविच खात म्हणाला होता, “चहा तरी चांगला होता की नाही?”

एकदा पावतीत सात पेन्स जास्त लागले म्हणून तो पावसात दुकानापर्यंत परत गेला होता.

तो माणूस वर्षाला तीनशे पाउंड सोडायला तयार झाला होता.

तिने इस्त्रीखालून त्याची पँट काढली आणि उचलून धरली. कमरेला त्याने स्वतःच दोन चुण्या घातल्या होत्या. ओबडधोबड टाके होते, जाड दोऱ्याचे, फिटरच्या हातचे. तिला शिवायला सांगितले नव्हते.

नोरीनने इस्त्री बंद केली.

स्वयंपाकघरात क्लाइव्ह सिंकखाली डोके घालून नळाचे काम करत होता. नळ चांगला होता. गेल्या आठवड्यात त्याने बाथरूमचा नळ असाच उघडून पुन्हा बसवला होता, त्याआधी बॉयलर.

“क्लाइव्ह.”

“हं. तो लहान पाना दे जरा.”

तिने पाना दिला नाही. “काल तू म्हणालास, नोरीनला फोन करता आला पाहिजे.”

“मग?”

“कंपनीला फोन मी कशाला करू? पन्नास वर्षांत कधी केलाय? तू कुठे असशील?”

सिंकखालची खटखट थांबली. त्याचे पाय तेवढे दिसत होते, मोज्यांतले, नडग्यांपाशी काठीसारखे बारीक.

“बाहेर ये,” नोरीन म्हणाली.

तो बाहेर आला, पण उठला नाही. कपाटाला पाठ टेकून फरशीवरच बसला. हातातली जुनी रबरी चकती बोटांनी दाबत राहिला.

“स्वादुपिंड,” तो म्हणाला. “पसरलंय. फेब्रुवारीत कळलं.”

“फेब्रुवारीत? आता मे चाललाय.”

“हो.”

“तू दर बुधवारी लायब्ररीत जात होतास ना?”

“एकदा गेलो होतो. बाकीच्या वेळी हॉस्पिटल.”

“काय म्हणाले?”

“ख्रिसमसचं काही ठरवू नका, म्हणाले. तसं नाही, जरा बरं बोलले. पण तेच.”

नोरीनने खुर्ची ओढली आणि बसली. तिला वाटले होते की ती ओरडेल. पण आधी तिला आठवली तिची बहीण बेरिल. तीन वर्षे नोरीनने तिचे सगळे काढले होते, आणि जानेवारीतच बेरिल गेली होती.

क्लाइव्हलाही तेच आठवले असावे. “तू नुकतीच सुटली होतीस गं,” तो म्हणाला. “म्हटलं, एक उन्हाळा तरी मिळू दे तुला. बागेत बसशील, फेरीबोटीने नदीपलीकडे नॉट एंडला जाशील.”

आता मात्र ती ओरडली. “माझा उन्हाळा ठरवणारा तू कोण? मी तिथे बसून आइस्क्रीम खाणार आणि तू एकटा हॉस्पिटलात! लाज नाही वाटली तुला? मला वाटलं, तुला माझ्या हातचं आवडेनासं झालं! मी मीठ बदलून बघत होते, मूर्खासारखी!”

“मीठ बरोबर होतं,” तो म्हणाला.

ती रडायला लागली. तो फरशीवरून कसाबसा उठला, सिंकचा काठ धरून. जवळ आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हाताला ग्रीसचा वास येत होता.

“एक सांग,” नोरीन म्हणाली. “तू बरा असतास तर हलवले असतेस पैसे?”

“त्याच दिवशी. जनीनचा हिशोब अगदी बरोबर आहे.” त्याच्या आवाजात त्या तीनशे पाउंडांची खरी हळहळ होती. “पण हलवताना मधेच मी गेलो, तर ना इथले ना तिथले. तू कागद घेऊन वणवण करशील. आणि या लोकांकडे फोन केला की बाई बोलते. व्यवस्थित बोलते. मी मुद्दाम तीन-चारदा करून बघितला. दर वेळी वेगळी, पण सगळ्या व्यवस्थित. दे त्यांना काही वर्षं जास्तीचे. मग हात बसला की हलव.”

जनीनला त्यांनी त्याच आठवड्यात सांगितले. फोनवर नको म्हणून नोरीन स्वतः बसने प्रेस्टनला गेली. जनीन दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथल्या मागच्या खोलीत दोघी बोलल्या. जनीन पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, “मी वीस वर्षं म्हटलं गं त्यांना. तोंडावर. वीस वर्षं.”

“तुला काय माहीत?”

“हिशोब करून दाखवत होते मी त्यांना!”

जूनमध्ये क्लाइव्हने नोरीनचे शिक्षण सुरू केले. तिला फोनपाशी बसवायचा आणि स्वतः कंपनीची बाई व्हायचा. त्यासाठी तो नाकात, शहरी उच्चारांत बोले.

“आपली जन्मतारीख सांगता का?”

“तुला माहितेय की!”

“मॅडम, मी कंपनीतून बोलतेय.”

“बाई, तुझा आवाज फार घोगरा आहे. डॉक्टरला दाखव.”

दोघेही हसत सुटायचे आणि हसताना त्याला दुखायचे. मग तो भिंतीकडे तोंड करून थांबे, आणि नोरीन खिडकीतून काही तरी बघत असल्याचे दाखवी. मग पुन्हा पहिल्यापासून. खाते कसे सांगायचे, महिन्याचे पैसे कमी-जास्त करायचे असतील तर काय म्हणायचे, बाजार पडला असला तर त्या महिन्यात शक्य तेवढे कमी काढायचे. “आणि कुणी घरी येऊन गोड बोलायला लागला, तर दार लाव. चहासुद्धा विचारू नकोस.”

“तू कधी कुणाला विचारलास चहा?”

जुलैत त्याने अंथरूण धरले. शेजारपाजारचे येऊन जात. क्लबातला एक जण बिअरची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, “ही माझ्याकडून. तुझी बाकी आहे, हे मी विसरलेलो नाही.” क्लाइव्हने त्याला घोटभर पिऊन दाखवले. तो मित्र घरी गेल्यावर प्यायलेले सगळे उलटून पडले. नोरीनने त्याला पुसले, चादर बदलली. बेरिलमुळे तिच्या हातांना ते सगळे येत होते. क्लाइव्ह डोळे मिटून पडून राहिला. हेच त्याला तिला करायला लावायचे नव्हते. दोघांनाही ते ठाऊक होते.

ऑगस्टच्या शेवटी त्याला हॉस्पिसमध्ये, बरे न होणाऱ्यांच्या शुश्रूषागृहात, हलवले. तिथे बाहेर गुलाबांचे वाफे होते, खोलीत स्वच्छ पडदे. औषधाने तो बहुतेक झोपलेलाच असे. एका दुपारी त्याने डोळे उघडले आणि ओठ हलवले. जनीनने कान जवळ नेला.

“इथे गाडी लावायचे पैसे पडतात?”

“नाही बाबा. फुकट आहे.”

“बरं,” तो म्हणाला.

त्यानंतर तो काही समजेलसे बोलला नाही. शनिवारी सकाळी गेला. नोरीन त्याच्या पायांना क्रीम चोळत होती. तिला ते लगेच कळले नाही आणि तिने दुसरा पायही चोळला.

अंत्यविधी झाला. लोक क्लबात सँडविच खाऊन, क्लाइव्हच्या चिकटपणाचे किस्से सांगून आपापल्या घरी गेले. चार दिवस राहून जनीनही परतली. जाताना म्हणाली, “कंपनीला मी करते फोन. तू नको त्रास घेऊस.”

“मी करणार,” नोरीन म्हणाली. “मला शिकवलंय त्याने.”

मंगळवारी सकाळी तिने केस विंचरले, चांगला कार्डिगन घातला आणि फोनपाशी बसली. बाई खरेच व्यवस्थित बोलणारी निघाली. आवाज तरुण होता, स्कॉटलंडकडचा. “तुमच्या दुःखाची कल्पना करू शकते,” ती म्हणाली. क्लाइव्हने या वाक्याची तयारी करून घेतली नव्हती. नोरीन क्षणभर अडखळली, मग म्हणाली, “आभारी आहे,” आणि विचारले जाण्याआधीच स्वतःची जन्मतारीख सांगून टाकली.

सगळे सुरळीत झाले. वारस म्हणून तिचे नाव होतेच. कागद कोणते पाठवायचे ते बाईने सावकाश सांगितले.

“महिन्याची रक्कम तेवढीच ठेवायची ना?” बाईने विचारले.

नोरीनने विचार केला. “नको. कमी करा.”

“तुम्हाला तेवढी मिळू शकते, मिसेस थ्रेलफॉल. काही अडचण नाही.”

“एकटीला काय करायची?”

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. “ठीक आहे. सध्या जुन्या खात्यावरची थांबवते आणि नव्या रकमेची नोंद करते. दोन मिनिटं लागतील. थांबाल?”

“थांबते.”

फोनमध्ये वाद्यांचे संगीत सुरू झाले. व्हायोलिन होते, मागे पियानो. सकाळपासून घरात काही वाजले नव्हते. नोरीनने फोन कानापासून थोडा दूर धरला, म्हणजे खोलीतही थोडेसे ऐकू यावे. समोरच्या छपरावर सीगल येऊन बसला. तीच धून संपली, पुन्हा सुरू झाली. तिचा हात अवघडला, तेव्हा तिने फोन दुसऱ्या हातात घेतला.

संगीत एकदम थांबले.

“हॅलो? आहात ना, मिसेस थ्रेलफॉल?”

“आहे,” नोरीन म्हणाली. “आहे मी.”