सोफ्याचा फोम

"पाठीवरच्या बॅगेच्या पट्ट्यात फोम कुठला घालतात हो?"

भाजी निवडता निवडता बायकोने हे इतक्या सहज विचारलं की मास्तरांचे कान टवकारले. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने फोमची चौकशी कधी केली नव्हती. मास्तर म्हणजे बॅगा शिवणारे आणि दुरुस्त करणारे. आसपासच्या निम्म्या दप्तरांना त्यांचा टाका लागलेला. पण आठ महिन्यांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले, सरळ शिलाई वाकडीतिकडी धावू लागली आणि दुकानाला कुलूप लागलं. दुकानातली मशीन घरी आली. तेव्हापासून मास्तर सकाळ-संध्याकाळ फिरायला जात आणि उरलेल्या वेळात घरच्यांवर खेकसत. घरचे म्हणजे एकटी बायकोच.

"तुला कशाला पाहिजे?"

"सहज."

सहज म्हणे! सहज म्हणून माणूस तब्येत विचारतो, फोम नाही. मास्तरांनी तेव्हा उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर त्यांनी घराची झडती घेतली.

मशीनची सुई बदललेली होती, सोळा नंबरच्या जागी जाड कापडाची अठरा नंबर. मशीनच्या पायडलखाली ताडपत्रीचे कपटे. आणि पलंगाखाली, चादरीत गुंडाळून ठेवलेली बॅग. मास्तरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. कोपरे जरा कच्चे होते, पण काम वाईट नव्हतं. हेच आधी मनात आलं याचा त्यांना रागही आला. तळाला दुहेरी ताडपत्री आणि आत चक्क प्लायवूडची फळी. फक्त पट्टे लावायचे राहिले होते.

एवढ्या भक्कम तळाची बॅग कोण शिवतं? ज्याला बरंच काही उचलून न्यायचं असतं तो. मास्तरांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. बायको माहेरी, तिच्या भावाकडे निघाली होती. कायमची.

गेल्या महिन्यात त्यांनी चहाचा कप भिंतीवर फेकला होता. थरथरत्या हातातून चहा सांडला म्हणून फेकला होता, पण तिला ते कुठून कळणार? ती एक शब्द बोलली नव्हती, मुकाट्याने तुकडे गोळा केले होते. आता त्या गप्प बसण्याचा अर्थ मास्तरांना लागला आणि ते घाबरले. 'जाऊ नकोस' एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघेना.

त्याऐवजी जेवताना ते म्हणाले, "सोफ्याचा फोम घाल. मऊ. आणि पट्टा दोनच बोटं रुंद ठेव, सुटसुटीत दिसतो."

हे धडधडीत खोटं होतं. सोफ्याचा फोम ओझ्याखाली कागदासारखा चपटा होतो. पट्ट्याला चपलेच्या तळासारखा कडक फोम लागतो आणि चार बोटं रुंदी, नाहीतर पट्टा खांद्यात रुततो. रुतू दे. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाईल आणि परत येईल, असा मास्तरांचा बेत होता.

"बरं," बायको म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी "जरा जाऊन येते" म्हणत तिने बॅग पाठीला लावली. मास्तर पेपरात तोंड खुपसून बसले होते. दार लागलं तसं त्यांनी कपाट उघडलं. तिचे कपडे जागच्या जागी. दागिन्यांचा डबाही तिथेच. त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. कपडे न घेता, एवढं जड काय घेऊन ही बाई चालली कुठे? पायात चपला अडकवून तेही मागोमाग निघाले.

बायको वाकून चालत होती. दर दहा-बारा पावलांवर थांबून पट्ट्यांखाली अंगठे घालत होती. तीन गल्ल्या ओलांडून ती एका चार मजली इमारतीच्या जिन्यात बसली आणि मास्तर एका उभ्या टेम्पोआड लपले. तिने बॅगेतून हाताने फिरवायची शिलाई मशीन काढली. तिच्या लग्नाआधीची, कधीची माळ्यावर पडलेली. मास्तर ती पार विसरून गेले होते. पाच मिनिटांत वरून बायका उतरल्या, कुणाच्या हातात चेन बिघडलेलं दप्तर, कुणाकडे फाटकी प्रवासाची बॅग.

"मास्तर नाही आले?" एकीने विचारलं.

"त्यांच्याकडे मोठ्या ऑर्डरी आहेत हो, मान वर करायला फुरसत नाही. किरकोळ काम मी बघते."

"जमेल ना तुम्हाला?"

"त्यांच्याच हाताखाली शिकलेय."

त्यांनी तिला कधी काही शिकवलं नव्हतं. मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की टेम्पोआडून निघून घरी यायलाही बराच वेळ लागला.

संध्याकाळी ती आली. बॅग उतरवताना तिने ओठ दाबून धरले. पदर सरकला तेव्हा मानेपासून खांद्यापर्यंत लालभडक वळ दिसले.

"फोम मी मुद्दाम चुकीचा सांगितला," मास्तर म्हणाले.

"माहितीये."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. इतकी वर्षं तुमचा डबा घेऊन दुकानात येत होते. सोफ्याचा फोम तुम्ही कधी हातात तरी धरलाय का?"

"मग घातलास कशाला?"

"म्हटलं, मी घराबाहेर पडायला नकोय यांना. एकदा तोंडाने 'जाऊ नकोस' म्हणताय का, बघत होते." तिने खांद्यावर पाणी लावलं. "आणि कुठे जाते ते सांगितलं असतं, तर हात लपवून बसला असता तुम्ही."

"मला वाटलं, तू भावाकडे निघालीस," ते कसंबसं म्हणाले.

"प्लायवूड घेऊन?" ती म्हणाली आणि दमलेली असूनही हसली.

मास्तर उठले. दुकानाच्या सामानातून त्यांनी कडक फोम काढला, जमिनीवर पसरला आणि खडू घेऊन रेघ ओढायला बसले. रेघ वीतभर गेली आणि भरकटली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तसंच. बायको शेजारी बसून होती.

मग त्यांनी खडू तिच्यापुढे धरला.

"खांद्यावर चार बोटं, खाली उतरताना तीन. ओढ तू."

तिने एका दमात रेघ ओढली. सरळ आली होती.

"बरी आहे," मास्तर म्हणाले. आणि दुसरी ओढताना फोम सरकू नये म्हणून त्यांनी त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले.