कानाने लावलेली डिश

मित्रांनो, मी एक जुना सिग्नल मीटर आहे. अंग तळहाताएवढं, काचेखाली एक काटा, पोटात एक भोंगा. डिशमधून टीव्हीकडे जाणाऱ्या वायरीत मला मध्येच जोडलं की मी जागा होतो. डिश उपग्रहाकडे वळली की काटा चढतो आणि माझा आवाजही चढतो. स्वस्थ बसणं देवाने मला दिलंच नाही.

कारखान्यातून निघालो तो डिशवाल्याच्या पिशवीत आलो. किती गच्च्या चढलो, किती कठड्यांना लटकलो! टीव्ही सुरू झाला की घरची माणसं माझ्या मालकाचं, त्या डिशवाल्याचं कौतुक करायची आणि तो मला शर्टाला पुसायचा. तेवढ्याने मी भरून पावायचो.

मग 'स्वतःच बसवा' असं छापलेली डिशची खोकी निघाली. मोबाइल धरायचा, पडद्यावरचा बाण दाखवील तिकडे डिश वळवायची. कंपनीने घरी माणूस पाठवणं बंद केलं. मी पान्यांखाली दबून गेलो. दिवसभर एकच घोर, आता आपलं काय?

एकदा दुपारी चारला मालकाचा फोन वाजला. पलीकडे गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांना दिसत नाही.

"अहो डिशवाले, वाऱ्याने डिश फिरली. कंपनी म्हणते, बाण बघा. त्यासाठी डोळे कुणाचे आणू? आज पाचला माझा धाकटा भाऊ टीव्हीवर अभंग गाणार आहे हो, आयुष्यात पहिल्यांदा!"

मालकाने सायकलवर टांग मारली. बाल्कनीत पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं उरली होती. त्याने मला जोडलं, पाना काढला.

"द्या तो इकडे," बाई म्हणाल्या. "दर वाऱ्याला तुमच्या गळ्यात पडू का?"

मालक घुटमळला. माझाही काटा थरथरला. बाईंना जमलं, तर आमचं उरलंसुरलं हे गिऱ्हाईकही गेलं. पण त्याने पाना दिला.

बाई डिश केसाकेसाने सरकवू लागल्या. मी गाऊ लागलो.

"लागला!"

आतला टीव्ही मुकाच.

"तो शेजारचा उपग्रह, बाई. हा मीटर भोळा आहे, कुणीही भेटलं तरी गातो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचला चारच मिनिटं होती.

"मग आपला कुठे?"

"आणखी उजवीकडे. तिथे हा जास्त वर चढतो."

"हे आधी नाही सांगायचं!"

बाईंनी डिश सरकवली. मी गप्प झालो. ती शांतता मला सोसवेना. देवा, आता तरी! आणि चढलो, पार टोकाला चढलो. आतून, टीव्हीवर गाणारा एक कापरा आवाज आला.

"घाबरला की वरचाच सूर धरतो, गाढव कुठला!" बाई हसत हसत रडू लागल्या.

मालकाने नट आवळले. जाताना मला बाईंच्या हातात दिलं. "राहू द्या तुमच्याकडे."

"आणि तुम्ही?"

"मी येईन की याला ऐकायला."

आता मी बाल्कनीतल्या खिळ्याला असतो. वारा सुटला की अजून जीव खालीवर होतो. मित्रांनो, नवी खोकी जरूर आणा. पण कुणाला 'तुझं तूच बसव' म्हणण्याआधी एवढं विचारा, त्याला बाण दिसतो का? आणि माझ्यासारखं कुणी खिळ्यावर दिसलं, तर काचेवरची धूळ पुसा. शर्टाला पुसलीत तरी चालेल.